एक्केचाळिसावा मीटर

अर्जाच्या दुसऱ्या पानावर चौथा मुद्दा होता, आणि तो वाचता वाचता त्याने ओठांपर्यंत नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. 'आमच्या रांगेतील पहिल्या घरास ड्रेनेजची जोडणी अकरा वर्षांपूर्वीच मिळालेली आहे. ते घरही आमच्यासारखेच शहराच्या हद्दीबाहेर आहे. तरी त्याच धर्तीवर आम्हां उरलेल्या बारा घरांनाही जोडणी द्यावी.' खाली अकरा सह्या आणि एक अंगठा. अक्षर फळ्यावर असतं तसं गोल, सुटं सुटं. लिहिणाऱ्या बाई शाळेत शिकवतात हे पहिल्याच पानावर होतं. रांगेतलं पहिलं घर म्हणजे हद्दीचा दगड ओलांडला की उजव्या हाताला, निळ्या फाटकाचं. म्हणजे ताईचं. त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं. आणि ती जोडणी नगरपालिकेने कधीच दिलेली नव्हती. ती त्याने दिली होती, एका रविवारी दुपारी, कोणालाही न विचारता. त्याने मान वर केली. समोरच्या टेबलावरचा कारकून पेन्सिलीला टोक काढत होता, पंखा फिरत होता, भिंतीवरच्या नकाशात हद्दीची लाल रेघ जिथल्या तिथे होती. कोणाचंही त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तरी मानेवरून कोणीतरी गार बोट फिरवावं तसं त्याला झालं.

मुख्य अभियंते नवीन होते, येऊन महिनाही झाला नव्हता, आणि आलेला प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची त्यांना खोड होती. त्यांनी दुपारी त्याला बोलावलं. "हे पहिलं घर काय प्रकरण आहे हो? नोंदवहीत तर अशी जोडणी दिसत नाही." तो म्हणाला, "नसेलच साहेब. लोक लिहितात काहीबाही." आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं त्यालाच नवल वाटलं. "असू दे. उद्या त्या लाइनीत कॅमेरा घालू. आणखी बारा घरांचा भार तिला झेपतो का तेही कळेल, आणि ही जोडणी खरी की थाप तेही. तुम्ही स्वतः उभे राहा तिथे. तुमच्याइतकी त्या भागाची माहिती कोणाला नाही म्हणतात." आणि मग हसून, "तुम्हाला फूटपट्टी म्हणतात ना ऑफिसात?" तोही हसला. म्हणत होते खरे. ड्रेनेज विभागात त्याची सदतीस वर्षं झाली होती, निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि एवढ्या वर्षांत त्याने कोणाच्या घरचा पाहुणचार घेतला नव्हता की कोणाची रेघ इंचभर इकडची तिकडे केली नव्हती. एक रविवार सोडून. टेबलाशी परत येऊन त्याने अर्ज पुन्हा काढला. सोबत हातपंपाच्या पाण्याचा तपासणी अहवाल जोडला होता. सगळ्या रांगेला पाणी तो एकच पंप देत होता, आणि पाण्यात मैला सापडला होता. या वर्षात तिघांना विषमज्वर, त्यात शिक्षिकाबाईंची आठ वर्षांची मुलगी. बाईंनी लिहिलं होतं की आमच्याच शोषखड्ड्यांनी पंप नासतो आहे, म्हणून ड्रेनेज द्या. त्याने पेन्सिलीने समासात लिहिलं, 'खड्डे घरांच्या मागे, उतारावर. पंप पुढे, चढावर. खालचे पाणी वर चढत नाही.' हे लिहिताना त्याला क्षणभर बरं वाटलं. कोणाचा तरी हिशेब चुकलेला सापडला की त्याला नेहमीच बरं वाटे.

अकरा वर्षांपूर्वी ताईचाही असाच अर्ज आला होता. भावजी अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, मागची टाकी सारखी भरून वर येणारी, आणि हद्दीतली लाइन फाटकापासून पंधरा पावलांवर. अर्ज नियमाने त्याच्याच टेबलावर आला. हद्दीबाहेर जोडणी द्यायची तर सभेचा ठराव लागतो, ठरावाला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारणार, की अर्जदार तुमच्या कोण? त्याने शेरा मारला, 'हद्दीबाहेर. नामंजूर.' सही ठळक केली. संध्याकाळपर्यंत ऑफिसभर झालं की फूटपट्टीने सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही, आणि ते ऐकून त्याला जे वाटलं ते लाजेसारखं मुळीच नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो तिच्याकडे गेला. अंगणात विटा मांडून वाट केली होती. विटांच्या मधे पाणी होतं, आणि ताई साडी खोचून, हातात बादली, तोंडाला पदर, त्या विटांवरून फाटकाबाहेर चालली होती. त्याला पाहून तिने बादली मागे घेतली. लपवली म्हणायला हवं. "अरे ये ना, ये. आत बस, मी आलेच," असं ती म्हणाली, जणू बादलीत फुलं होती. आत भावजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. अंगाखालची चादर नुकतीच बदललेली. ते म्हणाले, "तुझी सही पाहिली. झकास येते हां सही तुला." त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते खरंच कौतुकाने म्हणाले होते.

रविवार त्याने ठरवला, गवंडीही त्यानेच आणला. जुना, भरवशाचा माणूस. लाइन किती खोल म्हणून गवंड्याने विचारलं तेव्हा त्याने नोंदवहीतला आकडा सांगितला, सहा फूट. "तासाभरात आटपायचं. बोलायचं नाही. मी कोपऱ्यावर थांबतो." आणि तो कोपऱ्यावर, दगडापाशी, हातात नकाशाची गुंडाळी घेऊन उभा राहिला, कोणी आलं तर तपासणी चालली आहे म्हणायला. खड्ड्याजवळ तो गेलाच नाही. जाणं म्हणजे त्यात असणं, असं काहीतरी तेव्हा डोक्यात होतं. लांबून घणाचे आवाज येत होते. फार वेळ येत होते. एकदा ते थांबले, गवंड्याने खड्ड्यातून डोकं वर काढून त्याच्याकडे पाहिलं, काही म्हणायचं असावं तसं. तेवढ्यात रस्त्याने एक सायकल आली आणि त्याने हातानेच खूण केली, आटप, आटप. थोड्या वेळाने हाक आली, "झालं साहेब. घेतंय पाणी." तो खड्ड्यापाशी गेला तेव्हा माती लोटून झाली होती. ताईला त्याने सांगितलं की मंजुरी आली. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. अकरा वर्षांत ती जोडणी एकदाही तुंबली नाही. चार वर्षांपूर्वी भावजी गेले, ते एकवीस दिवसांच्या तापाने आणि पोटाच्या दुखण्याने. अंथरुणावरच्या माणसाला काहीही निमित्त पुरतं, असं डॉक्टर म्हणाले होते. ताई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "बाकी काही असो, शेवटची वर्षं त्यांची स्वच्छ गेली. माझ्या भावाने करून दिलं." हे तिनेच त्या शिक्षिकाबाईंनाही सांगितलं असणार. अभिमानाने, चहा देता देता. कोणाला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कॅमेऱ्याची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या, बोलक्या, पायांत गुडघ्यापर्यंत बूट. वरच्या चेंबरला रबरी फुगा लावून त्यांनी लाइनीतलं पाणी अडवलं होतं, झाकण उघडून काठी सोडली होती. "खोली दहा फूट भरते साहेब. तुमच्या नोंदवहीत सहा आहे." "वीस वर्षांपूर्वी रस्ता उंच केला, वहीत बदल राहिला," तो म्हणाला. आकडा कानावरून गेला, आत गेला नाही. तो ताईच्या खिडकीकडे पाहत होता. खिडकीत दोन उश्या वाळत घातलेल्या होत्या. ती घरात होती, फरशीवर पाणी ओतल्याचा आवाज येत होता, आणि आपला भाऊ रस्त्यावर आला आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तो गाडीत शिरला. आत एक स्टूल, एक पडदा, गरम झालेल्या तारांचा वास. पडद्यावर नळाचं गोल तोंड, पुढे काळोख, आणि कोपऱ्यात मीटर मोजणारे पांढरे आकडे. कॅमेऱ्याची छोटी चाकं आत सरकू लागली. शून्य. एक. दीड. ओल्या भिंती दिव्यात चमकत होत्या. त्याने नकाशावरून मनातल्या मनात मोजलं होतं: चेंबरपासून फाटकापर्यंत एक्केचाळीस. वर-खाली एखादा मीटर. दर दोन फुटांवर सांधा, प्रत्येक सांध्यावर बाई थांबत, कॅमेरा गोल फिरवत, 'ठीक' म्हणत आणि तक्त्यात खूण करत. त्यांची खूण करायची एक पद्धत होती, आधी टिंब, मग रेघ, आणि त्या टिंबा-रेघेच्या मधल्या वेळात त्याला स्वतःच्या कानांतलं रक्त ऐकू येत होतं. बारा. तेरा. बाई सांगत होत्या की गेल्या महिन्यात एका लाइनीत त्यांना कासव सापडलं. "जिवंत! आणि माझ्याकडे असं बघत होतं, जसं काही मीच त्याच्या घरात शिरलेय." तो हसला. हसताना जबडा दुखला. वीस. काय होईल, ते त्याने रात्रभरात क्रमाने लावून ठेवलं होतं. आधी चौकशी, मग निलंबन, मग ताईच्या फाटकाशी खड्डा आणि नळाच्या तोंडात सिमेंट. पण त्याला भीती यांतल्या कशाची वाटत नव्हती. भीती वाटत होती ती कारकून पेन्सिलीचं टोक काढता काढता मान वर करेल, त्या क्षणाची. बत्तीस. भिंतीवर एक काळी चीर आली आणि त्याची बोटं स्टुलाच्या कडेत रुतली. चीर नव्हती, मुळाचा धागा होता. अडतीस. "तुम्हाला बरं वाटत नाही का? घाम आलाय." "उकडतंय." चाळीस. आता. डाव्या अंगाला, अर्ध्याच्या वर, फोडलेल्या कडेचं भोक आणि त्यातून डोकावणारा नळ. त्याने ते अकरा वर्षं न पाहता इतक्या वेळा पाहिलं होतं की आता पडद्यावर ते दिसलंच असं वाटलं.

एक्केचाळीस. भिंत. बेचाळीस. भिंत, गुळगुळीत, अखंड. त्रेचाळीस. "जरा मागे घ्या," तो म्हणाला. "काय पाहिजे?" "काही नाही. खात्री." कॅमेरा मागे आला, गोल फिरला, पुन्हा पुढे गेला. कुठे टवकासुद्धा उडालेला नव्हता. पन्नास, साठ, आणि पुढच्या चेंबरचा उजेड. बाईंनी तक्त्यावर शेवटची रेघ मारली. "लाइन खणखणीत आहे. बाहेरची जोडणी एकही नाही. थापच मारली म्हणायची लोकांनी." त्याला हसू आलं. भूक लागली होती. कालपासून काही खाल्लं नव्हतं. भोक नाही. म्हणजे चौकशी नाही, काही नाही, आठ महिने आणि हार आणि भाषणं. बाईंनी सहीसाठी तक्ता पुढे केला. 'जोडणी आढळली नाही' यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. त्याने पेन उघडलं आणि तेवढ्यात बाहेर ताईने मोरीत बादली ओतली.

त्याने तो आवाज नीट ऐकला. पाणी फरशीवर पडलं, भोकाशी गोळा झालं, आणि गटगट करत खाली गेलं. तो पेन हातात घेऊनच गाडीतून उतरला. फाटकाला लागून एक लहान चेंबर होतं, त्याचं झाकण त्याने दोन्ही हातांनी उचललं. खालून पाणी चाललं होतं, साबणाचा फेस घेऊन, रस्त्याच्या दिशेने, चांगल्या वेगात. "बाई," तो ओरडला, "पडद्यावर बघा. काही येतंय का?" "काय यायचंय? वरून अडवलंय ना आपण. ठणठणीत आहे." पाणी जात होतं. पोचत नव्हतं. तो तिथेच उकिडवा बसला. सहा फूट आणि दहा फूट. गवंडी सहा फुटांवर गेला आणि त्याला लाइन सापडली नाही, सापडला खडक. घण खडकावर चालला होता. तो वर डोकं काढून हेच विचारणार होता, आणि याने हाताने खूण केली होती. मग गवंड्याने नळाचं तोंड फुटक्या दगडांत सोडलं, पाणी ओतून पाहिलं, आणि म्हणाला ते शब्दशः खरं म्हणाला: घेतंय पाणी. अकरा वर्षं ती फट पाणी घेत होती. भावजींच्या चादरींचं, भांड्यांचं, सगळं. घेऊन कुठे नेत होती? त्याने मान वळवली. रस्त्याच्या कडेला, वीस पावलांवर, थोडासा उताराच्या अंगाला हातपंप होता, आणि शिक्षिकाबाई त्यावर वाकून कळशी भरत होत्या. त्याच्या पेन्सिलीची ओळ त्याला आठवली. बाईंचा हिशेब खरंच चुकला होता.

वीस पावलं फार नसतात. पहिल्या पाच पावलांत त्याला वाटलं, पंपच बंद करू, काहीतरी कारण सांगू, खडक फोडून गुपचूप नळ लाइनीला भिडवू, आणि कोणाला काही कळायचं नाही. सहाव्या पावलाला लक्षात आलं की हे सगळं आपण कोपऱ्यावर उभं राहिल्यासारखं ठरवतो आहोत. "बाई, ते पाणी भरू नका." शिक्षिकाबाई सरळ झाल्या. बारीक अंगाच्या, डोळ्यांखाली जागरण. "आम्ही उकळतो आता. अहवाल आल्यापासून." "उकळूनही नको. आजपासून कोणीच नको. मी टँकर मागवतो." "तुम्ही कोण?" त्याने हुद्दा सांगितला. त्यांचा चेहरा उजळला, आणि तेच त्याला सहन झालं नाही. "म्हणजे आमचा अर्ज..." "तुमचे खड्डे नाहीत, बाई. तुमच्या खड्ड्यांनी काही झालेलं नाही. या निळ्या फाटकाच्या घराचं सांडपाणी या पंपाखाली मुरतंय. ती जोडणी लाइनीला लागलेलीच नाही." "पण त्या घराला तर मंजुरी... ताईंचे भाऊच तुमच्या ऑफिसात..." त्या थांबल्या. त्याच्या चेहऱ्यात त्यांना ताईचं नाक दिसलं असावं. "मीच तो," तो म्हणाला. कळशी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि रस्त्यावर उपडी केली, सावकाश, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग म्हणाल्या, "माझी मुलगी एकोणीस दिवस दवाखान्यात होती." "हो. अर्जात वाचलं." "अर्जात मी फक्त आकडा लिहिला होता." आणि कळशी खाली ठेवून, पदराने हात पुसत, "तुमच्या बहिणीला माहीत आहे?" "नाही." "चला. मी येते. तुम्ही एकटे गेलात तर तिला वेगळं काहीतरी सांगाल."

ताई दार उघडून हसली आणि मग मागे बाईंना पाहून आणखी हसली. तिला वाटलं मंजुरीची बातमी आहे. त्याने उभ्यानेच सांगितलं. मधे कुठे थांबला असता तर पुढचं सांगता आलं नसतं म्हणून एका दमात: नामंजुरी, रविवार, गवंडी, सहा फूट, दहा फूट, पंप. ताई खाटेच्या कडेला बसली. त्याच खाटेच्या. ती आता नीट लावलेली, वर पांढरी चादर. बराच वेळ ती बाईंकडेच बघत होती, त्याच्याकडे नाही. "मीच तुला सांगितलं ना गं, की माझ्या भावाने करून दिलं म्हणून?" बाईंनी मान हलवली. "आणि मी तुझ्या लेकीला भेटायला आले होते दवाखान्यात. घरून पाणी घेऊन." तिचा आवाज अगदी साधा होता. मग ती त्याच्याकडे वळली. "आम्ही पण त्याच पंपाचं पितो." "हो, ताई." "ह्यांना शेवटी ताप आला होता. एकवीस दिवस." तिचा हात पांढऱ्या चादरीवर होता. "तो कशाने आला होता रे?" आयुष्यभर त्याने प्रश्नांची उत्तरं समासात पेन्सिलीने लिहिली होती. "माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही, ताई. असेलही." तो रडेल असं त्याला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. ताईने डोळे पुसले नाहीत, कारण तेही कोरडेच होते. ती उठली, मोरीच्या दाराला बाहेरून कडी घातली, संडासाच्या दाराला कुलूप लावलं, आणि किल्ली हातात धरून खोलीच्या मधोमध उभी राहिली, आता पुढे काय ते सुचत नसल्यासारखी. तेव्हा शिक्षिकाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे येत जा. मागच्या दाराने. मी कडी काढून ठेवीन." आवाजात माया नव्हती. पण त्यांनी ते म्हटलं.

बाहेर कॅमेऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला. सही राहिली होती. "कागद आण तुझा," ताई म्हणाली. "इथे बसून लिही. माझ्यासमोर." त्याने तक्ता आणला, उलटा केला, खाटेच्या कडेवर ठेवला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. ताईने चष्मा लावला आणि खांद्याशी उभी राहिली, लहानपणी शुद्धलेखन घालायची तशी. त्याने लिहिलं, 'सदर घरास अकरा वर्षांपूर्वी, सभेच्या मंजुरीविना, ड्रेनेजची जोडणी करण्यात आली.' "करण्यात आली म्हणजे?" ताई म्हणाली. "कोणी केली?" "ऑफिसात असंच लिहितात, ताई." "लिहीत असतील. तू खोड ते." त्याने खोडलं आणि वर लिहिलं, 'मी केली.' पुढचं लिहायला त्याला पंधरा मिनिटं लागली. ओळी वाकड्या गेल्या, दोनदा शाई फुटली. नामंजुरीच्या शेऱ्याची तारीख त्याने लिहिली, गवंड्याचा दोष नाही हे लिहिलं, पंप आजच बंद करावा आणि बारा घरांना जोडणी विनाविलंब द्यावी हे लिहिलं. नवीन मुख्य अभियंते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात हे त्याला माहीत होतं. सही केली, ती नेहमीसारखी आली नाही. तो उठू लागला तेव्हा ताईचा हात त्याच्या खांद्यावर आला. जड होता, आणि मायेने ठेवलेला नव्हता.

"आता ह्यांचं लिही."

"ताई, त्याचं काही नक्की सांगता येणार नाही. कोणी मान्यही करणार नाही."

"मग तसं लिही. नक्की सांगता येणार नाही, असं लिही. पण त्यांचं नाव त्यात असू दे."

सहीच्या खाली बोटभर जागा उरली होती. त्याने पेन टेकवलं. दाराशी शिक्षिकाबाई उभ्या होत्या, त्या आत आल्या आणि त्याला उजेड पडावा म्हणून खिडकीतल्या उश्या बाजूला केल्या.